भिकनभाऊचा ळ

नाटक संपलं की सेट उतरतो, दाढ्या-मिशा डब्यात जातात, भरजरी कपडे ज्याचे त्याला परत जातात. किस्से मात्र कुणी परत नेत नाही. ते मंडळाच्या लोकांकडेच पडून राहतात, लग्नात आलेल्या स्टीलच्या डब्यांसारखे. माझ्याकडे जरा जास्तच साठलेत, कारण मी पेटीवाला. पेटीवाल्याला संवाद नाहीत, एन्ट्री नाही, एक्झिट नाही. एका जागी बसायचं आणि ऐकायचं.

परवा टपरीवर एकाने विचारलं, "मास्तर, तुमच्या त्या नव्या संगीत नाटकाचं काय झालं शेवटी?"

म्हटलं, एका वाक्यात सांगता येईल भो, पण एका वाक्याला चहा कोण पाजतं? बस. दोन सांग.

आमचं मंडळ नंदुरबारचं, हौशी. हौशी म्हणजे प्रत्येकाला दुसरा काहीतरी धंदा आहे आणि नाटकापायी तो धड होत नाही. नाटक नवं होतं. राज्य गेलेला एक राजा, त्याची आईवेगळी लेक, आणि शेवटी लेकीची पाठवणी. नावावरून मंडळात इतकी भांडणं झाली की बोर्डावर नुसतं "संगीत नाटक" असं रंगवलं. अजून तेच नाव चालू आहे.

*

तालमीला जागा नव्हती. एका शेठने आपलं मिरचीचं गोडाऊन दिलं. शेठ मूळचे राजस्थानचे जैन, पण तीन पिढ्या इथल्या. अहिराणी आमच्यापेक्षा चांगली बोलतात.

गोडाऊनच्या बाजूलाच मिरचीची पथारी. म्हणजे उघड्या जमिनीवर नजर पोचेल तिथपर्यंत लाल मिरची वाळत घातलेली. वारा सुटला की नांदी म्हणणारे पाचही जण शिंकायचे. आधी वेगवेगळे शिंकायचे. आठवडाभरात एकत्र शिंकायला लागले.

दिग्दर्शक नाशिकहून यायचे. आम्ही त्यांना सर म्हणायचो. पहिल्या दिवशी सरांनी नांदी शांतपणे ऐकून घेतली, वहीत काहीतरी लिहिलं आणि मला विचारलं, "ही शिंक बसवलेली आहे की आपोआप येते?"

म्हटलं, "आपोआप येते सर, पण आता समेवर येते."

पुढे थिएटरात पहिली तालीम झाली. स्वच्छ हवा, पंखे, मिरचीचा कण नाही. नांदी दुसऱ्या ओळीला कोसळली. सरांनी विचारलं, काय झालं? तबलजी म्हणाला, "सर, सगळे शिंकेची वाट बघत होते."

*

शेठची एकच अट होती. पहिल्या अंकात वनवासी राजा भाकरी आणि कांदा खातो. शेठ म्हणाले, "भाऊ, गोडाऊन तुमचंच शे. पन कांदा आत येवाले नको."

सर म्हणाले, "शेठ, हा दुष्काळातला राजा आहे. भाकरीबरोबर काय खाणार?"

शेठने विचार केला. दुसऱ्या दिवशी शहाद्याकडची एक पपई पाठवून दिली.

"दुष्काळात पपई?" सर म्हणाले.

शेठ म्हणाले, "पिकाडनाराले इचारा. भाव पडना का मंग तोच दुष्काय."

सरांनी वहीत कांदा खोडून पपई लिहिलं. आमचा राजा शेवटपर्यंत पपईशी भाकरी खात होता. गंमत म्हणजे त्याचा गळा सुधारला.

*

आता हा राजा कोण, ते सांगतो. भिकनभाऊ. धानोऱ्याचा. धानोरा ते नंदुरबार काळी-पिवळी जीप चालवतो. वय पंचावन्नच्या आसपास, आवाज असा की ऐकणाऱ्याने हातातलं काम खाली ठेवावं. मी एकदा त्याच्या जीपमध्ये मागे कोंबून बसलो होतो. पुढे तो स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून गात होता. धानोऱ्याला उतरायचं सोडून मी परत नंदुरबारला आलो आणि तसाच त्याला तालमीला घेऊन गेलो.

त्या दिवशी मी विचारलं, "भिकनभाऊ, नाटकात कधी आला नाहीस?"

तो म्हणाला, "कोनी बलावं नही. मास्तर, तीस वरीस व्हयनात मी गाडीमा गाई ऱ्हायनू. मन्हं गानं कोनी पूरं आयकं नही. अर्धं व्हस तवलोंग त्यासनं गाव ई जास. लोके उतरी जातस."

"आणि घरी?"

"घर माय शे. ती म्हनस, गाडीवर ध्यान दे."

आणि मग खाली बघून म्हणाला, "एक डाव मायले पूरं गानं आयकाडनं शे. तठे लोके बसतीन ना, मास्तर? उतरतीन नही ना?"

मी म्हटलं, तिकीट काढून आलेला माणूस सहसा उतरत नाही. त्याला ते खरं वाटलं. मला तेव्हाच त्याच्याबद्दल फार वाटलं होतं, हे आज कबूल करतो.

*

अडचण एकाच अक्षराची होती.

आमच्याकडे ळ नाही. म्हणजे पुस्तकात आहे, तोंडात नाही. शाळा ही शाया, डोळा हा डोया, आणि भिकन तीस वर्षं जी गाडी चालवतो तिचं नाव कायी-पिवयी. आम्ही जी माय म्हणतो ती जन्म देणारीही असते आणि गळ्यात घालायचीही असते. बोलताना कुणाचं अडत नाही.

नाटकाच्या शेवटी राजा लेकीच्या गळ्यात माळ घालतो आणि गातो:

घाल गळा ही माळ, बाळे, घाल गळा ही माळ
पाठीवरती हात कुणाचा, नाही तुजला माय

भिकनने पहिल्याच दिवशी डोळे मिटून सूर लावला. गोडाऊन गप्प झालं. पथारीवरच्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. आणि त्याने गायलं, "घाल गया ही माय, बाये, घाल गया ही माय."

सरांनी हात वर केला. "थांबा. राजा लेकीला काशी-गयेला पाठवतोय का?"

कुणी हसलं नाही. हसण्यासारखं काय आहे तेच कुणाला कळलं नव्हतं. मला कळलं, पण मी पेटीवाला.

सरांनी भिकनला बाजूला घेतलं. चांगला माणूस, आवाज चढवला नाही. म्हणाले, "भिकनभाऊ, तुमच्यासारखा आवाज मी कमी ऐकलाय. पण हे स्पर्धेचं नाटक आहे, परीक्षक बाहेरचे असतात. एक महिना देतो. ळ आला तर राजा तुम्ही. नाही आला तर मॅनेजरसाहेब."

*

मॅनेजरसाहेब म्हणजे साताऱ्याकडून बदली होऊन आलेले बँकेचे मॅनेजर. त्यांचा ळ निर्दोष होता. "कळवळला" हा शब्द ते असा म्हणायचे की पाटीवर लिहून घ्यावा.

सरांनी त्यांना तेच गाणं म्हणायला लावलं. त्यांचा ळ ऐकून सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. सूर ऐकून आमच्या.

मॅनेजरसाहेब प्रामाणिक होते. गाणं संपल्यावर मला म्हणाले, "मास्तर, पेटी थोडी खाली-वर होतेय का?"

मी म्हटलं, "हो साहेब, पेटीच."

*

ळ शिकवायचे सगळे उपाय झाले. मराठीच्या शिक्षिका आल्या, आरसा आला, जिभेचं चित्र आलं. भिकन चित्राकडे बघायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "समजनं. ल."

मग रुमालीबाई भेटली.

पथारीवर देठं खुडायला सातपुड्यातल्या बाया सीझनभर येतात, त्यांतली ही एक. घरी पावरी बोलणारी, बाजारात मोडकीतोडकी हिंदी. एकदा सर पाणी प्यायला बाहेर गेले आणि सहज विचारलं, "बाई, गाव कुठलं?"

"तोरणमाळ."

सरांच्या हातातला ग्लास तसाच राहिला. "पुन्हा सांगा."

रुमालीबाईला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. तिने मुकादमाकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "तोरणमाळ."

सरांनी भिकनला ओढत आणलं. "ऐका. हा ळ. बाई, परत एकदा."

"तोरणमाळ."

"ऐकलंत, भिकनभाऊ?"

"हां सर. तोरनमाय."

रुमालीबाई तोंडाला पदर लावून हसली. मग तिने जो उपाय केला तो कुठल्या व्याकरणात नाही. खाली पडलेलं मिरचीचं देठ उचललं, भिकनच्या जिभेच्या टोकावर ठेवलं आणि खुणेने सांगितलं, जीभ वळव, मागे ने, देठ टाळूला चिकटव, आता बोल. बरोबर बोललास तर देठ जागेवर राहतं. चुकलास तर ते जिभेवर फिरतं, आणि देठाला थोडी मिरची लागलेली असतेच.

रोज देठं खुडता खुडता ती "तोरणमाळ" म्हणायची आणि हा समोर उकिडवा बसून म्हणायचा. चौथ्या दिवशी ळ आला. सोबत डोळ्यांना पाणीही आलं. ते आनंदाचं होतं का मिरचीचं, हे भिकनने अजून सांगितलेलं नाही.

आमच्या मंडळाला शुद्ध मराठी जिने शिकवली तिच्या घरी मराठी बोलत नाहीत. सर हे वाक्य आता भाषणात वापरतात, पण आधी मी बोललो होतो.

*

ळ आला तो जाईना.

एवढ्या मेहनतीने मिळालेली चीज, भिकनने सगळीकडे वापरायला काढली. कुठला य खरा आणि कुठला ळचा झालेला, हे त्याला कळेना. त्याने सगळेच य संशयित धरले. टपरीवर येऊन म्हणाला, "एक चाळ दे." टपरीवाला म्हणाला, भाड्याने का विकत? जीपमध्ये बायांना सांगितलं, "पाळ आत ल्या." त्याच्या शेजाऱ्याची गाय व्याली, तर हा गावभर सांगत सुटला की शेजारचा गाळ व्याला.

तालमीत "घाल गळा ही माळ" असं लख्ख आलं की सरांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या ओळीला भिकन म्हणाला, "पाठीवरती हात कुणाचा, नाही तुजला माळ."

सरांनी हात खाली घेतले. मग म्हणाले, "भिकनभाऊ, माळ तुम्ही आत्ताच घातलीत."

प्रयोगाला आठ दिवस राहिले होते. सरांनी मॅनेजरसाहेबांना दाढी लावून बघायला सांगितलं. भिकनने ते बघितलं. त्या दिवशी तो जीपमध्ये गायला नाही. मला तिथले पॅसेंजर विचारायला लागले, याला काय झालं म्हणून.

*

त्याच आठवड्यात त्याची आई माझ्या घरी आली. कमयाबाई. धानोऱ्यात तिला लहानथोर सगळे कमयाबाई म्हणतात. ऐंशीच्या पुढची, पाठ ताठ. हरभऱ्याच्या भाजीची पिशवी खाली ठेवली आणि उभ्या उभ्या विचारलं, "मास्तर, मन्हा आंडोरले काय करं तुम्ही?" आंडोर म्हणजे मुलगा.

"काय झालं, माय?"

"हां. तुम्ही म्हनतस माय. सगया गाव म्हनस. तो म्हनत नही. पंधरा दिन व्हयनात, घर येस अन् 'माळ, जेवाले वाढ' म्हनस. हाई माळ काय ऱ्हास?"

मी तिला समजावलं की नाटकासाठी शिकतोय, होईल नीट. माळ म्हणजे काय हे दाखवायला भिंतीवरच्या फोटोला घातलेल्या माळेकडे बोट केलं. "ही बघा, माय. ही माळ."

तिने माळेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "ही ते माय शे."

"हो, पण शुद्ध बोलताना..."

"ही माळ, ते मंग मी कोन?"

मी तीस वर्षं शाळेत शिकवलंय. तरी उठून फोटोवरची माळच सरळ करत राहिलो. तिला म्हटलं, प्रयोगाला या, पहिल्या रांगेत बसवतो. ती म्हणाली, "तठे तरी माय म्हनी का?"

*

प्रयोगाच्या दिवशी भिकनने युक्ती केली. उजव्या तळहातावर बॉलपेनने "माळ" लिहिलं, डाव्यावर "माय". मला दाखवलं. म्हटलं, शाब्बास, आता चुकशील कसा?

हाउस फुल्ल होतं. शेठ आपल्या घरच्यांना घेऊन आले होते. रुमालीबाई मागे भिंतीला टेकून बसली होती. पहिल्या रांगेत मधोमध कमयाबाई, नवं लुगडं नेसून, हात मांडीवर. विंगेत मॅनेजरसाहेब संपूर्ण राजा होऊन उभे. सर म्हणाले होते की भिकन पहिल्या दोन अंकांत घसरला तर तिसऱ्याला बदलू. घसरला नाही. त्याच्या संवादांतून सरांनी य असलेले सगळे शब्द काढून टाकले होते. राजा "काय" असं एकदाही विचारत नव्हता. त्यामुळे तो फार निश्चयी वाटला.

शेवटचं गाणं आलं. भिकनने उजव्या हाताकडे हळूच बघितलं, लेकीच्या गळ्यात माळ घातली आणि गायला, "घाल गळा ही माळ." असा ळ मी आजवर ऐकला नाही. मागून रुमालीबाई स्वतःशीच मान हलवत होती.

"पाठीवरती हात कुणाचा..."

इथे सरांनी एक हालचाल बसवली होती. राजा डावा हात लेकीच्या पाठीवर ठेवतो. भिकनने ठेवला. आणि त्याच्या लक्षात आलं की पुढचा शब्द आता लेकीच्या पाठीला चिकटलाय.

तो थांबला.

मी सूर धरून ठेवला. तबलजी ठेका फिरवत राहिला. एक आवर्तन गेलं, दुसरं गेलं. विंगेतून मॅनेजरसाहेब ओठ हलवून शब्द सांगत होते, पण त्यांना भरघोस दाढी होती. भिकनच्या कपाळावरचा घाम मला पेटीपासून दिसत होता. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणी उतरलं नव्हतं, आणि हाच गाणं अर्ध्यावर टाकून उभा होता. मला पेटी सोडून धावत जावंसं वाटलं.

पहिल्या रांगेत कमयाबाई उठून उभी राहिली.

"भिकन," ती म्हणाली. ओरडली नाही, घरात हाक मारतात तेवढ्याच आवाजात. पण प्रेक्षक इतके चूप होते की ठेक्यातूनही ते शेवटच्या रांगेला गेलं. "भिकन, मी माय शे रे. माय."

त्याने तिच्याकडे बघितलं. लेकीला विसरला, सरांना विसरला, आणि तिच्याकडे बघत गायला.

"नाही तुजला माय."

ओळ पुरी झाली. त्याने ती तीनदा घेतली, तिन्ही वेळा माय. मी पेटीवर मान खाली घालून रडलो. सांगायला लाज कसली, तबलजीही रडत होता. कमयाबाई शेवटच्या सुरापर्यंत उभीच होती. मग खाली बसली आणि शेजारच्या शेठाणीला म्हणाली, "मन्हा आंडोर शे."

विंगेत सर बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभे होते. मग वळले आणि मॅनेजरसाहेबांना म्हणाले, "दाढी काढा साहेब."

*

निकाल लागला. नाटकाला नंबर नाही. नेपथ्याला नाही, संगीताला नाही. पण परीक्षकांकडून सरांना फोन आला. म्हणाले, प्रेक्षकांत बसवलेल्या त्या आईची कल्पना फार धाडसी, आणि त्या कलावतीचं काम इतकं सहज की आम्हाला दोन मिनिटं कळलंच नाही. अभिनयाचं प्रशस्तिपत्र द्यायचंय, बाईंचं नाव सांगा.

सर काहीही स्पष्टीकरण न देता म्हणाले, कळवतो. भिकनने आधार कार्ड आणून दिलं. सरांनी त्यावरचं नाव अक्षरन् अक्षर कळवलं.

प्रशस्तिपत्र आलं ते आम्ही काचेच्या फ्रेममध्ये घालून धानोऱ्याला नेलं. कमयाबाई ओट्यावर बसून मेथी निवडत होती. अख्खी गल्ली जमली. भिकन म्हणाला, मीच वाचतो. घसा साफ केला, जीभ मागे नेली, आणि प्रत्येक अक्षर जागच्या जागी ठेवत त्याने वाचलं, "अभिनयाचे प्रशस्तिपत्र. श्रीमती कमळाबाई यांना, आईच्या भूमिकेसाठी."

ळ असा आला की गल्लीतली पोरंसुद्धा गप्प झाली.

कमयाबाईने सगळं नीट ऐकून घेतलं. फ्रेम हातात घेतली, पदराने काच पुसली आणि भिकनला परत दिली.

"चांगलं काम करं व्हई तिनी," ती म्हणाली. "कोन बाई शे ही?"